पेशीचं पटल तेलकट, मग पाणी आत-बाहेर जातं कसं?

राजापुरी
नमस्कार मंडळी. लोणच्याचा सीझन सुरू झालाय, त्यामुळे प्रश्नही लोणच्यातूनच आलाय. खंडेराव मार्केटातून राजापुरी कैऱ्या आणल्या, फोडी केल्या, मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवल्या. सकाळी फोडी आक्रसलेल्या आणि पातेल्याच्या तळाशी चांगलं दोन वाट्या पिवळंधमक पाणी. हे दरवर्षीचंच. पण यंदा आमचे चिरंजीव अकरावी सायन्सला आहेत, म्हणून मी रुबाबात सांगितलं, "बघ, परासरण म्हणतात ते हे. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून पेशीतलं पाणी पटलातून बाहेर आलं."

तो म्हणाला, "आई, पटल फॉस्फोलिपिडचं असतं, म्हणजे आतून तेलकट. तेलातून पाणी जात नाही. मग हे आलं कुठून?"

मी "निवडक्षम पारपटल" (काही आत सोडणारं, काही अडवणारं) वगैरे पाठ केलेलं म्हणून टाकलं. त्यावर म्हणे, "ते नाव झालं, उत्तर कुठंय?" क्लासमध्ये विचारलं तर 'परीक्षेत हे येत नाही' म्हणून पुढे गेले. इथे सायन्सवाली बरीच मंडळी आहेत. कोणी समजेल असं सांगेल का?

मगर_विश्वामित्री
जागा पकडून ठेवतो. बाकी त्या पिवळ्या पाण्याचं काय केलंत? आमच्याकडे त्यात मिरच्या मुरवतात.

खडू_फळा
राजापुरीताई, चिरंजीवांना शाबासकी द्या. तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलं, हा प्रश्न विचारणारी मुलं बोटावर मोजण्याइतकी. आधी पटलाची रचना बघू, अर्धा घोळ तिथेच आहे.

फॉस्फोलिपिडच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्यात फॉस्फेट, त्यावर विद्युतभार, त्यामुळे ते पाण्यात रमतं. शेपट्या म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या, त्यांचं पाण्याशी जमत नाही. असे रेणू पाण्यात सोडले की कोणी न सांगता दोन थर लावून उभे राहतात. डोकी दोन्हीकडच्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये लपलेल्या. जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर. एक मिलिमीटरची थप्पी लावायची तर सव्वा लाखभर पटलं एकावर एक ठेवावी लागतील.

दोनच थर आहेत हे कळलं कसं, हा किस्सा मी वर्गात आवर्जून सांगायचो. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशी घेतल्या. त्याच का? तर सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, आतली इतर पटलंही नसतात. म्हणजे जे लिपिड (स्निग्ध पदार्थ) हाती लागेल ते बाहेरच्या पटलाचंच. ॲसिटोन वापरून त्यांनी ते काढलं, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर करून पसरवलं आणि क्षेत्रफळ मोजलं. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. झाले दोन थर. खरी गंमत पुढे आहे. ॲसिटोनमध्ये सगळं लिपिड उतरलंच नव्हतं, आणि पेशी वाळवून मोजल्यामुळे त्यांचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं!

पण त्या दोन थरांत नुसतं लिपिड नसतं. लाल पेशीच्या पटलात वजनानं निम्मी तरी प्रथिनंच असतात. चेतातंतूंच्या मायलिन आवरणात लिपिड भरपूर आणि प्रथिनं थोडी. तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलात मात्र तीन चतुर्थांश प्रथिनं, कारण तिथे ऊर्जा तयार करण्याचा सगळा कारभार चालतो. चिरंजीवांचं उत्तर या प्रथिनांत आहे. ते पेशीवाला यांनी सांगावं, त्यांचा प्रांत.

पेशीवाला
सर, हाक मारलीत म्हणून प्रयोगशाळेतून लिहितोय. सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत वेळ आहे.

राजापुरीताई, पहिली गोष्ट म्हणजे पाणी तेलातून अजिबात जात नाही असं नाही. पाण्याचा रेणू चिमुकला आहे आणि त्यावर निव्वळ विद्युतभार नाही. शेपट्यांच्या हालचालीत क्षणभर फट पडते, तिच्यातून एखादा रेणू सुटून जातो. नुसत्या लिपिडचा कृत्रिम दुहेरी थर केला तरी त्यातून पाणी झिरपतं. सोडियमच्या तुलनेत ते अब्जावधी पटींनी सहज जातं.

पण काही पेशींना एवढ्यानं भागत नाही. लाल रक्तपेशीतून पाणी इतकं भराभर ये-जा करतं की नुसत्या झिरपण्यानं त्याचा हिशेब लागेना. मूत्रपिंडाचंही तसंच. पाण्यासाठी वेगळी वाट असणार, अशी शंका १९५० च्या दशकापासून होती, वाट मात्र कोणाला सापडत नव्हती.

ती सापडली दुसरंच काही शोधताना. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आग्रे लाल पेशींवरच्या आरएच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करत होते. त्यांच्या नमुन्यात एक लहानसं प्रथिन दर वेळी नको असलेल्या पाहुण्यासारखं यायचं. लाल पेशीत भरपूर, मूत्रपिंडातही भरपूर, आणि काम काय ते कोणालाच माहीत नाही. १९९२ मध्ये त्यांच्या गटानं त्या प्रथिनाचा संदेश-आरएनए (म्हणजे ते प्रथिन बनवायची सूचना) बेडकाच्या अंडपेशींत टोचला. बेडूक अंडी घालतो तळ्यात, म्हणून त्या अंडपेशींचं पटल पाण्याला एरवी फारसं दाद देत नाही. टोचलेल्या पेशी पातळ द्रावणात टाकल्या, आणि बघता बघता फुगून फटाफट फुटल्या. न टोचलेल्या शेजारी तशाच बसून.

त्या प्रथिनाचं नाव ॲक्वापोरिन. पटलाच्या आरपार जाणारी अरुंद नळी, पाण्याचे रेणू एकामागून एक जातील एवढीच. तरी एका नळीतून सेकंदाला तीनेक अब्ज रेणू जातात. आग्रेंना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वनस्पतींतही ॲक्वापोरिनं असतात, माणसापेक्षा जास्त प्रकारची. म्हणजे तुमच्या कैरीतलं पाणी दोन्ही वाटांनी आलं. थोडं लिपिडमधून, बाकी नळ्यांतून. शिवाय विळीनं कापताना ज्या पेशी थेट चिरल्या गेल्या त्यांचा रस निराळाच.

मगर_विश्वामित्री
बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग केले आणि आम्हा मगरींना विचारलंही नाही. निषेध.

दांडियाबाजार_गॅलरी
एकदम सरस माहिती! पण मला एक सांगा. पटल असं दोन थरांत शिस्तीत उभं असेल, तर ती प्रथिनं त्यात सिमेंटमध्ये विटा रोवाव्यात तशी घट्ट असतात का?

पेशीवाला
नाही, आणि हे १९७० पर्यंत पक्कं ठाऊक नव्हतं. त्या वर्षी फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत मिसळून एकच पेशी केली. उंदराच्या प्रथिनांना एका रंगाची चमकणारी खूण, माणसाच्या प्रथिनांना दुसऱ्या. सुरुवातीला अर्धी पेशी एका रंगाची, अर्धी दुसऱ्या. ३७ अंशांवर चाळीस मिनिटं ठेवली तर दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. गार ठेवली तर जवळपास जागचे हलले नाहीत. म्हणजे प्रथिनं पटलात तरंगत फिरतात, आणि पटल पातळ असतं तेव्हाच फिरतात.

त्यानंतर १९७२ मध्ये सिंगर आणि निकल्सन यांनी 'फ्लुइड मोझेक' मांडणी दिली. पुस्तकातली ती लाटांसारखी आकृती तीच. आता त्यात बरीच भर पडलीय. प्रथिनांची दाटी आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप असते आणि आतल्या सांगाड्याला काही प्रथिनं बांधलेली असतात. मनमोकळं फिरणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

दांडियाबाजार_गॅलरी
म्हणजे आपला नवरात्रातला गरबा! हजारो लोक गोलात फिरताहेत, शेजारी क्षणाक्षणाला बदलतोय, गोल मात्र तसाच. आतला गोल आणि बाहेरचा गोल म्हणजे दोन थर.

पेशीवाला
उपमा चालेल, किंबहुना तुम्हाला वाटतंय त्याहून पुढे चालेल. गोलात पुढे-मागे सरकणं सोपं, पण बाहेरच्या गोलातून आतल्या गोलात उडी मारायची तर धक्काबुक्की. लिपिडचंही तेच. आपल्याच थरात शेजारी बदलायचं तर सेकंदाला कोटीच्या घरात अदलाबदल. समोरच्या थरात आपोआप जायचं तर तास न् तास, कधी दिवस. कारण डोक्याला मधल्या तेलकट भागातून जावं लागतं आणि ते त्याला नको असतं.

त्यामुळे दोन थर सारखे नसतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं लिपिड निरोगी पेशी आतल्या थरातच राखते, त्यासाठी ऊर्जा खर्च करून त्याला परत परत आत ओढते. पेशी मरायला लागली की ते बाहेर दिसू लागतं, आणि भक्षक पेशी येऊन तिला गिळतात. गरब्यात याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

राजापुरी
चिरंजीव मागे उभे राहून वाचताहेत. त्यांचा पुढचा प्रश्न : पाणी लहान म्हणून जातं, तर सोडियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) त्याहूनही लहान. मग तो का अडतो? आणि पोटॅशियम सोडियमपेक्षा मोठा, तरी पोटॅशियमची नळी सोडियमला आत घेत नाही असं त्याच्या पुस्तकात आहे. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कसं?

खडू_फळा
या मुलाला माझ्याकडे पाठवून द्या. फी घेणार नाही.

पेशीवाला
वा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला २००३ चं अर्धं नोबेल गेलंय, आग्रेंच्याच जोडीला, रॉडरिक मॅकिनन यांना.

आधी पहिला. आयनावर भार असतो, म्हणून पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटून बसतात. तेलकट भागात शिरायचं तर ते सगळे सोडून द्यावे लागतात आणि त्याला फार ऊर्जा लागते. तेवढी त्याच्याकडे नसते. नुसत्या आकारावर पटल माणसं ओळखत नाही.

आता पोटॅशियमची नळी. मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या नळीची रचना क्ष-किरणांनी काढली. नळीच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू ओळीनं बसवलेत, आणि त्यांच्यातलं अंतर नेमकं असं की पोटॅशियमला पाणी सोडल्याचं नुकसान तिथे तंतोतंत भरून मिळतं. पाण्यात जसे ऑक्सिजन त्याच्याभोवती असतात, तसेच इथे. सोडियम लहान. तो आत आला तर त्याला सगळ्या ऑक्सिजनना एकाच वेळी धरता येत नाही. पाणी सोडण्यात तोटा, आणि बदल्यात हाती काही लागत नाही, म्हणून तो पाण्यातच राहणं पसंत करतो. दहा हजार पोटॅशियम जातात तेव्हा एखादा सोडियम घुसतो. आणि ही सगळी पारख चालू असताना सेकंदाला दहा कोटींच्या आसपास आयन पार होतात!

ॲक्वापोरिनमध्येही असाच चमत्कार आहे. पाणी रांगेनं जातं, पण हायड्रोजनचा आयन, म्हणजे प्रोटॉन, जात नाही. एरवी प्रोटॉन पाण्याच्या रेणूंच्या साखळीवरून उड्या मारत सहज पुढे जातो. नळीच्या मधोमध पाण्याचा रेणू उलटा फिरवला जातो, साखळी तिथे तुटते, शिवाय तिथला धन भार प्रोटॉनला मागे ढकलतो. हे नसतं तर पाण्याबरोबर आम्लता पण गळाली असती आणि पेशीचं सगळं गणित कोसळलं असतं.

अलकापुरी_आजी
मी वाचतेय, अर्धं कळतंय. पण एक शंका. आंघोळीला जास्त वेळ लागला की बोटं सुरकुततात ती यामुळेच का? पाणी पेशीत शिरतं म्हणून?

डॉ_मांजलपूर
आजी, बरेच जण तसंच समजतात. पण ज्यांच्या बोटाची नस (चेतातंतू) तुटलेली आहे त्यांची बोटं पाण्यात सुरकुतत नाहीत, हे १९३० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. नुसतं पाणी शिरण्याचा प्रकार असता तर नस असो-नसो, सुरकुत्या पडल्या असत्या. त्या वेळी चेतासंस्था बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते, आतला भाग थोडा बसतो आणि वरची कातडी चुरगळते.

खडू_फळा
लगे हाथ आणखी एक. पुस्तकात अंड्याचा प्रयोग असतो. आम्लात कवच विरघळवायचं, मग अंडं पाण्यात टाकलं की फुगतं, मिठाच्या द्रावणात टाकलं की आक्रसतं. प्रयोग झकास, मुलं खूश. पण ते जे पांढरं पापुद्र्यासारखं दिसतं ते पेशीपटल नव्हे. ते कवचाखालचं प्रथिनांच्या धाग्यांचं जाळं. परासरण दाखवायला ठीक, पटल दाखवायला नाही. पेशीपटल डोळ्यांना दिसूच शकत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातही त्याची जाडी दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

दांडियाबाजार_गॅलरी
दिसत नसेल, पण फाटलेलं कळतं! आत्ता स्वयंपाकघरात करून बघितलं. बायकोनं कोशिंबिरीला आणलेलं बीट पळवलं. चौकोनी तुकडे केले, नळाखाली पाणी रंगहीन येईस्तोवर धुतले. (धुणं महत्त्वाचं, नाहीतर कापलेल्या पेशींचा रंगच येत राहतो.) मग तीन काचेचे ग्लास. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात चहाच्या आधणाइतकं गरम, तिसऱ्यात हाताला लावायचं सॅनिटायझर.

माठातलं पाणी पंधरा मिनिटं झाली तरी पाणीच, तळाशी किंचित गुलाबी. गरम पाणी तुकडे टाकताक्षणी लाल व्हायला लागलं, दोन मिनिटांत रक्तासारखं. सॅनिटायझरवाल्यात हळूहळू, पण तेही लाल. तुकडे उचलून बघितले तर गरम पाण्यातला मऊ, फिका, आणि माठातला अजून कडक. आता यातलं शास्त्र सांगा, कारण बीट संपल्याचा जाब मला द्यायचा आहे.

पेशीवाला
बायकोला सांगा, विज्ञानासाठी गेलं. बीटचा रंग पेशीच्या आत मोठ्या रिक्तिकेत (रसानं भरलेल्या पिशवीत) असतो. तो बाहेर येण्यासाठी दोन पटलं ओलांडावी लागतात, रिक्तिकेचं आणि पेशीचं. रेणू मोठा, भारित, त्यामुळे धड पटलातून गळत नाही. उष्णतेनं लिपिडची मांडणी ढिली होते, प्रथिनांची घडी मोडते, आणि सगळं बाहेर. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लिपिडच्या थरात घुसून तो विस्कळीत करतं. हाताला लावल्यावर जंतूंवर त्याचा वार याच जागी होतो. कोरोनाचा विषाणू साबणानं मरायचा त्याचंही मूळ इथेच. त्याचं वेष्टण माणसाच्या पेशीतूनच घेतलेल्या लिपिडचं, आणि साबण लिपिडला फोडतो.

राजापुरीताई, तुमच्या लोणच्याचा दुसरा अंक हाच आहे. पहिल्या रात्री कैरीतलं पाणी बाहेर येतं, मीठ आत फारसं जात नाही. पण मिठात राहून राहून पेशी मरतात, पटलं फाटतात, आणि मग मीठ, तिखट, मेथीचा कडवटपणा सगळं फोडीच्या गाभ्यापर्यंत शिरतं. लोणचं 'मुरलं' म्हणतो तेव्हा पटलं केव्हाच गेलेली असतात.

जिवंत पेशी आणि मेलेली पेशी यांतला फरक बघायचा असेल तर मला वाटतं हाच बघावा. मेलेल्या पेशीत आत-बाहेर सारखं होतं. जिवंत पेशी तो फरक टिकवते, आणि त्यासाठी रात्रंदिवस पैसे मोजते. आपल्या पेशीबाहेर सोडियम लिटरला १४५ मिलिमोलच्या आसपास, आत १०-१२ मिलिमोल. पोटॅशियमचं उलटं, आत १४०, बाहेर ४. गळती चालूच असते, ती उपसायला सोडियम-पोटॅशियम पंप. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत तो ओळखला. एटीपीचा (पेशीतल्या ऊर्जेच्या नाण्याचा) एक रेणू खर्च करून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. आपण स्वस्थ पडलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर जातो.

आणि त्या फरकातून पटलावर विद्युतदाब तयार होतो. चेतापेशीत ७० मिलिव्होल्टच्या आसपास. ऐकायला किरकोळ. पण जाडी सात नॅनोमीटर! हिशेब करा, मीटरला एक कोटी व्होल्ट होतात. एवढ्या ताणाखाली ते पातळ पटल आयुष्यभर उभं असतं.

मगर_विश्वामित्री
एमजीव्हीसीएलला (आमच्या वीज कंपनीला) कळवू नका, मीटर बसवतील.

अलकापुरी_आजी
बरं, आणखी एक विचारते. नातू म्हणतो पटलात कोलेस्टेरॉल असतं. मला डॉक्टरांनी गोळी दिलीय कोलेस्टेरॉल कमी करायची. मग माझ्या पेशी फाटणार का?

डॉ_मांजलपूर
नाही आजी, गोळी बिनधास्त घ्या. प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल लागतंच. लिपिडच्या शेपट्यांच्या मध्ये बसून ते पटलाला ऊबेत फार ढिलं होऊ देत नाही आणि गारठ्यात गोठू देत नाही. पण पेशी आपल्यापुरतं स्वतः तयार करतात, शिवाय रक्तातूनही घेतात. तुमच्या रिपोर्टातला आकडा म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. ते जास्त झालं की रक्तवाहिनीच्या भिंतीत साचतं. गोळीनं यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल जास्त उचलायला लागतं. पटलाला कमी पडत नाही.

आता मी आलोच आहे तर पेशीवाला यांच्या पंपावरून पुढे जातो, कारण या उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात रोज हाच विषय आहे. जुलाब.

कॉलऱ्याचं विष काय करतं? १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवून दिलं होतं की जिवाणूंनी सोडलेल्या विषामुळेच आतड्यात पाणी भरतं. पुढे यंत्रणा कळली. विषामुळे आतड्याच्या पेशींच्या पटलातली क्लोराइडची वाट उघडी राहते, क्लोराइड आतड्यात ओघळतं, मागोमाग सोडियम, त्यामागे पाणी. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. नुसतं पाणी पाजलं तर ते शोषलं जात नाही, नुसतं मीठ-पाणी पाजलं तरी नाही.

पण त्याच पटलावर दुसरं एक प्रथिन आहे, त्याला विषाचा धक्का लागत नाही. ते ग्लुकोजचा एक रेणू दोन सोडियमच्या सोबतीनंच आत घेतं. दोघं एकत्र आले तरच. सोडियमला आत यायची ओढ असते कारण आत ते कमी आहे, आणि ते कमी आहे कारण वरचा पंप ते सतत उपसतोय. साखर आणि मीठ आत गेलं की पाणी आपोआप मागे. मीठ-पाण्यात थोडी साखर घातली की ते का चालतं याचं कारण हे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीची वाहतूक मांडली.

१९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडची सलाईन संपत आली. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

राजापुरी
बाप रे. म्हणजे ओआरएसच्या पुडीत हे सगळं आहे? मी आपली जास्त ताकद यावी म्हणून त्यात वरून दोन चमचे साखर घालते.

डॉ_मांजलपूर
घालू नका ताई. साखर जास्त झाली की ती सगळी शोषली जात नाही, आतड्यातच राहते आणि उलट शरीरातलं पाणी आतड्यात खेचते. तुमच्या कैरीत बाहेरून मिठानं जे केलं तेच. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मूळ सूत्र सौम्य केलं. आता लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, पूर्वी ९० आणि १११ होतं. पुडीवर 'एक लिटर' लिहिलं असेल तर एक लिटरच पाणी. पेल्यात अर्धी पुडी अंदाजानं, असं नको. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलंय का तेही बघा. फळांच्या चवीची गोड पेयं शेजारीच ठेवलेली असतात, त्यात साखर कितीतरी जास्त.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे लहान, पाच मिलिलिटरचा. शीग नको, विशेषतः मिठाची. मूल सुस्त झालं, लघवी होत नाही, पाजलेलं सगळं उलटतंय किंवा जुलाबात रक्त दिसलं तर घरी थांबू नका.

पेशीवाला
डॉक्टर, मूत्रपिंडाचं एक वाक्य मी जोडतो, चिरंजीवांसाठी. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचं हे मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ठरवतं. ते आलं की पेशीच्या आत साठवून ठेवलेली ॲक्वापोरिन २ ची नळी पटलावर आणून बसवली जाते, ते गेलं की परत आत ओढली जाते. या मेच्या उन्हात दुपारी लघवी गडद पिवळी दिसते तेव्हा त्या नळ्या पटलावर खच्चून भरलेल्या असतात. सेंट्रिफ्यूज थांबलं, पळतो.

दांडियाबाजार_गॅलरी
डॉक्टरसाहेब, मग सगळे जुलाबात नारळपाणी देतात ते चालतं का? आमच्या कोपऱ्यावर शहाळेवाला 'एकदम ओआरएस' म्हणूनच विकतो.

डॉ_मांजलपूर
मूल पीत असेल तर वरून थोडं द्या, ओआरएसच्या जागी नको. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम फार कमी. आणि आत्ताच बघितलं ना, ग्लुकोज आत न्यायला त्या प्रथिनाला सोबत सोडियमच लागतं, पोटॅशियम चालत नाही.